हेन्डरसनमध्ये मिळालेलं आडनाव

२००५ सालच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसन इथे माझ्या धाकट्या भावाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका इंडोनेशियन फुटबॉलपटूला आडनाव दिलं. फुटबॉलपटूचं वय पस्तीस होतं. तोपर्यंत आडनावावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

मंगळवार, हेन्डरसन

टेबलाशी आम्ही चौघं होतो. भाऊ मंदार, जो शहरातल्या एका आयटी कंपनीत काम करतो. त्याची बायको सुजाता, जी फार्मासिस्ट आहे. पोनिदी नावाचा तो फुटबॉलपटू. आणि मी. पुण्यातल्या एका दैनिकाच्या क्रीडा पानावर मी बावीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी धावफलकांची बेरीज तपासण्यात. न्यूझीलंडला तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेले होते आणि पोचून दोनच दिवस झाले होते. त्या दोन दिवसांत नोंद करण्याजोगी गोष्ट एकच घडली होती. विमानतळावरच्या एका कुत्रीने माझ्या बॅगेतला गोडा मसाला शोधून काढला. अधिकारीणबाईंनी तो हुंगला, कशात घालतात ते विचारलं, उत्तर लिहून घेतलं आणि पुडी परत दिली.

मंदार हेन्डरसनच्या फुटबॉल क्लबचा सचिव आहे. त्याला फुटबॉल खेळता येत नाही. एका वार्षिक सभेत तो "मिनिट्स मी लिहीन" असं म्हणाला आणि चहा येईपर्यंत सचिव झाला. त्या संध्याकाळी तो लॅपटॉपवर पोनिदीच्या नोंदणीचा फॉर्म भरत होता.

पोनिदी जावा बेटाच्या पूर्व भागातला. तिथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो. त्यातल्या पोन नावाच्या दिवशी तो जन्मला, म्हणून पोनिदी. पासपोर्टावर तेवढंच आहे. जावातल्या पुष्कळ लोकांचं नाव असं एकाच शब्दाचं असतं. तो इंग्रजी बोलतो ते बचावपटूने पास द्यावा तसं, थोडक्यात आणि जवळच्या माणसाला.

"सरनेम?" मंदारने विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पोनिदी. संपलं."

रकाना रिकामा ठेवला की पडद्यावर लाल अक्षरं येत होती. मंदारने आडवी रेघ टाकून पाहिली. लाल अक्षरं. पोनिदी हेच नाव दोनदा लिहावं असं सुजाताने सुचवलं.

"नावाला काही पद्धत आहे की नाही?" मंदार म्हणाला. "स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पोनिदी, वडिलांचं नाव काय?"

"सास्त्रो."

"गाव?"

"ब्लिटार."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आमच्या सायकलचा ब्रेक सोडवून बघण्याआधी तो असाच पाहायचा. "ताई, साताऱ्याचा सातारकर. नगरचा नगरकर. बरोबर?"

"मंदार, असलं काही करू नकोस हं," सुजाता म्हणाली.

"लाल अक्षरं गेली," मंदार म्हणाला.

पडद्यावर लिहिलेलं होतं: पोनिदी सास्त्रो ब्लिटारकर. पोनिदीने ते तीनदा मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या शब्दाचा अर्थ विचारला. मंदारने सांगितला, ब्लिटारचा माणूस.

"खरं आहे," पोनिदी म्हणाला. "मी ब्लिटारचा माणूस." मग त्याने दुसरं थालीपीठ घेतलं.

पणाला काय लागलं होतं ते इथेच सांगते. पोनिदी सोळा वर्षं इंडोनेशियात व्यावसायिक फुटबॉल खेळला, बचावफळीच्या मधोमध. दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला. क्लबने करार वाढवला नाही, निरोपाचा सामनाही दिला नाही. गुडघा सुधारला तोवर त्याची बायको रेत्नो हिला ऑकलंडमध्ये पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो तिच्याबरोबर आला. त्याला एक हंगाम आणखी खेळायचा होता. एकच. हेन्डरसनच्या क्लबला एक बचावपटू हवा होता. शनिवारी मनुरेवाला हंगामाआधीचा एक चषक सामना होता आणि त्यानंतर संघाची यादी ठरणार होती. प्रशिक्षक ग्रॅहमचा नियम असा, की खऱ्या सामन्यात पाहिल्याशिवाय तो कुणाचं नाव यादीत घालत नाही. आणि नोंदणी नसेल तर सामन्यात उतरता येत नाही. त्या जागेसाठी दुसरा एक उमेदवार तयार होता. त्याचे दोन्ही गुडघे चांगले होते.

रेत्नो शाळेत शिक्षिका होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिने नवऱ्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

बुधवार, पिहा

सुजाताची सुट्टी होती. तिने मला समुद्रावर न्यायचं ठरवलं आणि गुडघ्यासाठी वाळूत पळायचं म्हणून पोनिदीही गाडीत बसला. हेन्डरसनहून पिहाला जाणारा रस्ता डोंगरातून जातो. दोन्ही बाजूंना नेचे, पण आपल्याकडे कुंडीत असतात तसे नाहीत, नारळाएवढ्या उंचीचे. शेवटच्या वळणानंतर समुद्र एकदम पायाखाली येतो.

पिहाची वाळू काळी आहे. पावडर केलेल्या तव्यासारखी. दुपारी ती तव्याइतकीच तापते, हे सुजाताने मला सांगितलं तेव्हा मी चपला काढून दहा पावलं पुढे गेले होते. उरलेलं अंतर मी पाण्याकडे पळत कापलं. बावन्नाव्या वर्षी मी इतक्या वेगाने पळू शकते ही माहिती मला नवी होती. पोनिदी हसला नाही. त्याने फक्त माझ्या पावलांकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, "इबू, चांगला स्टार्ट." इबू म्हणजे आई, बाई आणि मॅडम, तिन्ही.

चपला किनाऱ्यावर राहिल्या होत्या. भरतीची एक लाट आली आणि त्यातली एक घेऊन गेली. पोनिदीने ते पाहिलं आणि तो चपलेमागे कपड्यांसकट समुद्रात शिरला. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. पिहाला दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं असतं, आणि माझी चप्पल झेंड्यांच्या बाहेर गेली होती. पोनिदीने मैदानात चेंडू अडवावा तसा घसरून पाय घातला, खाली गेला, वर आला आणि हातातली वस्तू उंच धरून बाहेर आला. ती निळी रबरी चप्पल होती. माझी नव्हती.

परतताना मी एका पायात पुण्याची चामड्याची आणि दुसऱ्या पायात ती निळी घालून डेअरीत गेले. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दूध तिथे मिळणाऱ्या शंभर गोष्टींपैकी एक. रांगेत माझ्यापुढे कोट घातलेले एक गृहस्थ होते. ते अनवाणी होते. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं, माझ्याकडेही नाही. पुण्यात मला किमान तिघांनी सल्ला दिला असता. मी नवा जोड घेतला. याला इथे जँडल्स म्हणतात.

पण त्याआधी, किनाऱ्यावर दडप्या पोह्यांचा डबा उघडल्यावर, पोनिदीने आपली कारकीर्द सांगितली. ती त्याने अंगावरच्या खुणांवरून सांगितली. उजव्या भुवईवरची खूण सुराबायाची. तिथे तो सतराव्या वर्षी लागला. नाकाचं हाड मेदानचं. तिथे एका पावसाळी सामन्यात चेंडू मैदानातल्या तळ्यावर तरंगत राहिला आणि बावीस माणसं त्याला पोहत येण्याची वाट पाहत उभी राहिली. खांदा जयापुराचा. तिथला सामना खेळायला संघ बोटीने जायचा. इतके दिवस लागायचे की डेकवर सराव करावा लागे आणि चेंडू समुद्रात घालवणाऱ्याने रात्रीचं जेवण वाढायचं असा नियम होता. सोळा वर्षांत त्याने दोन गोल केले. त्यातला एक स्वतःच्याच संघावर.

"आणि मकासार?" सुजाताने विचारलं. त्याने वाळूवर काढलेल्या नकाशात एवढं एकच शहर खुणेशिवाय राहिलं होतं.

"मकासार इथे." त्याने छातीवर बोट ठेवलं. "रेड कार्ड. आयुष्यातलं एक. मी चेंडूला पाय लावला. पंच म्हणाला माणसाला. मी म्हणालो, पंच आंधळा आहे."

"मग?"

"मग रेड कार्ड."

त्याने वाळू मुठीत घेतली. ब्लिटारजवळ ज्वालामुखी आहे, वाळू तिथेही अशीच काळी असते, असं तो म्हणाला. "इथले ज्वालामुखी झोपलेत. आमचा झोपत नाही." मग तो उठून तासभर पळाला. सुजाता घड्याळ लावून बसली होती. गुडघा सुजला नाही.

गुरुवार, ऑकलंड

विभागीय फुटबॉल कार्यालयातून ट्रिश नावाच्या बाईंचा फोन सकाळी अकराला मंदारच्या ऑफिसात आला. मी तेव्हा तिथेच होते, शहर पाहायला म्हणून ट्रेनने गेले होते. त्यामुळे शहरातलं मी जे पाहिलं ते ट्रिशच्या कार्यालयाकडे भराभर चालताना. चढ, बंदर, एक उंच मनोरा, पुन्हा चढ.

ट्रिशच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक जकार्ताहून, इंडोनेशियाच्या फुटबॉल संघटनेकडून, आठवड्यापूर्वी आलेला ना-हरकत दाखला: पोनिदी नावाच्या खेळाडूला परदेशात खेळायला हरकत नाही. दुसरा मंदारचा फॉर्म.

"किया ओरा," ट्रिश म्हणाल्या. माओरी भाषेतला हा नमस्कार इथे सगळेच करतात. "हा मिस्टर ब्लिटारकर कोण आहे?"

मंदारने समजावून सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गावावरून आडनाव. त्याने सातारकर आणि नगरकर यांचीही उदाहरणं दिली. ट्रिशनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या देशाची पद्धत."

"हो."

"आणि तो कुठल्या देशाचा?"

मंदारने जकार्ताच्या दाखल्याकडे पाहिलं.

ट्रिशनी परिस्थिती सांगितली. नाव एकदा नोंदलं की ते रद्द करून नव्याने नोंदवायला दहा कामाचे दिवस लागतात. शनिवारपर्यंत एकच गोष्ट होऊ शकते. पोनिदी आणि पोनिदी सास्त्रो ब्लिटारकर हा एकच माणूस आहे असं जकार्ताच्या कार्यालयाने लिहून द्यायचं, आणि तो कागद शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ट्रिशच्या टेबलावर पोचायचा. पाचला कार्यालय बंद होतं. पाच वाजून एक मिनिटाने नाही, पाचला.

लिफ्टमध्ये मंदार म्हणाला, "ताई, सुजाताला आत्ता काही सांगू नकोस."

"तिने मंगळवारीच सांगितलं होतं."

"म्हणूनच."

संध्याकाळी क्लबच्या मैदानावर मंदारने पोनिदीला खरं काय ते सांगितलं. पोनिदीने ऐकलं, बुटांची नाडी बांधली आणि सरावाला गेला. मी कुंपणाशी उभी राहून पाहिलं. सराव सुरू होण्याआधी तो ग्रॅहमसमोर वाकला, त्याचा उजवा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. थोरांना आणि गुरूंना त्यांच्याकडे असा नमस्कार करतात. ग्रॅहम नळजोडणीचं काम करतो आणि सगळे त्याला ग्रॅहमच म्हणतात. पहिल्या दिवशी पोनिदी आपलं घड्याळ बघतोय असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने हात आधी पँटला पुसला. आता तो हात पुढे करूनच उभा असतो, असं मंदारने सांगितलं. त्या गुरुवारी सगळा संघ थट्टेने रांगेत उभा राहिला आणि एकामागून एक ग्रॅहमचा हात कपाळाला लावून गेला. ग्रॅहमने सोळाही जणांना हात दिला.

सरावात पोनिदी सारखा ओरडत होता. किरी म्हणजे डावीकडे, कानान म्हणजे उजवीकडे. पहिल्या दहा मिनिटांत दोघं खेळाडू एकमेकांवर आदळले. अर्ध्या तासाने बचावफळी किरी म्हटलं की डावीकडे सरकत होती, दोरीने ओढल्यासारखी.

शुक्रवार, हेन्डरसन

जकार्ता ऑकलंडच्या सहा तास मागे आहे. तिथलं कार्यालय सकाळी आठला उघडतं, म्हणजे आपले दुपारचे दोन. दोन ते पाच, तीन तास हातात होते. मंदारने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रेत्नो विद्यापीठातून आली, ब्लिटारचा प्रसिद्ध पेचेल घेऊन. उकडलेल्या भाज्या आणि त्यावर शेंगदाण्याची तिखट चटणी. सुजाताने चव घेऊन "अहो, ही तर आपलीच," असं म्हटलं आणि कृती लिहून घेतली. सुजाताला आदल्या रात्री सगळं कळलं होतं. ती मंदारशी फक्त कामापुरतं बोलत होती.

दोन वाजून एक मिनिटाने पोनिदीने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पहारेकऱ्याने उचलला. पोनिदी ऐकत राहिला. मागून संगीत येत होतं, ते आम्हालाही ऐकू आलं.

"काय म्हणतोय?" मंदारने विचारलं.

रेत्नोने वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. "आज शुक्रवार. शुक्रवारी सकाळी कचेरीतले सगळे अंगणात व्यायाम करतात. एकत्र. संगीतावर."

"सगळे?"

"सगळे. मोठे साहेब पुढे."

"किती वेळ?"

पोनिदीने पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकऱ्याने अंगणात पाहून अंदाज सांगितला. नुकतीच सुरुवात झाली होती. आता हात वर होते.

आम्ही दर पंधरा मिनिटांनी फोन केला. पहारेकरी आमच्याशी ओळखीने बोलू लागला. अडीचला कमरेचे व्यायाम चालू होते. पावणेतीनला एका साहेबांचा पाय मुरगळला आणि संगीत थांबलं. आम्हाला वाटलं संपलं. पण ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. स्वयंपाकघरात मंदार येरझाऱ्या घालत होता. सुजाता म्हणाली, "तूही हात वर कर, बरं वाटेल." आदल्या रात्रीपासूनचं कामाव्यतिरिक्तचं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

तीन चाळीसला नोंदणी विभागाचे अधिकारी फोनवर आले. त्यांना धाप लागली होती. पोनिदीने नाव सांगितलं. मग अधिकारी काहीतरी बोलले आणि पोनिदी खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

"काय झालं?" मी रेत्नोला विचारलं.

"ते विचारतात, मकासारचा पोनिदी का? ते म्हणतात, मी तो पंच."

मंदारने भिंतीला हात टेकला.

पोनिदीने फोनकडे पाहून कमरेतून वाकून नमस्कार केला. फोनच्या पलीकडून ते दिसण्याची सोय नव्हती. मग तो बराच वेळ बोलला. रेत्नो भाषांतर करत होती: तरुण होतो. डोकं गरम होतं. तुम्ही आंधळे नव्हता. क्षमा असावी. हे म्हणून झाल्यावर तो थांबला, आणि मग त्याने आणखी एक वाक्य जोडलं. ते ऐकून रेत्नोने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पण पाय चेंडूलाच लागला होता."

घड्याळात तीन सत्तेचाळीस झाले होते. मग फोनमधून हसण्याचा आवाज आला, इतका मोठा की पोनिदीने तो कानापासून दूर धरला. अधिकारी म्हणाले, त्या दिवशी सूर्य माझ्या डोळ्यांवर होता. पाय कुठे लागला ते मला खरोखर दिसलं नव्हतं. घरी गेल्यावर बायकोला मी तेच सांगितलं होतं.

मग त्यांनी काम विचारलं. पोनिदीने आडनावाची हकीकत सांगितली. अधिकाऱ्यांचं स्वतःचं नावही एकाच शब्दाचं होतं. गाव मादियुन. त्यांनी ब्लिटारकर हा शब्द दोनदा म्हणून घेतला, बाजूच्या टेबलावरच्याला ऐकवला, आणि त्या टेबलावरचा माणूस कुठल्या गावचा आहे त्यावरून पलीकडे काही चर्चा झाली. चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

घरी फॅक्स नव्हता. जवळचा फॅक्स कोपऱ्यावरच्या डेअरीत होता, म्हणून त्यांना तोच नंबर दिला होता. डेअरीचे मालक कांतीभाई फिजीहून आलेले गुजराती. आम्ही पाचही जण आत गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला आइस्क्रीमच्या फ्रीजशेजारी उभं केलं, कारण गिऱ्हाइकांना वाट हवी होती. सगळं ऐकून ते मंदारला म्हणाले, "बापाचं नाव मध्ये लावलं हे बरोबर केलंत. बाकी चूक."

चार एकेचाळीसला यंत्र घरघरलं आणि कागद बाहेर येऊ लागला. आधी शिक्का, मग मजकूर. निम्म्यावर येऊन तो थांबला. यंत्रातला कागद संपला होता. कांतीभाई नवा रोल शोधायला मागे गेले. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, हातात पाव घेतलेला एक उंच माणूस. त्याने विचारलं, काय चाललंय? मंदारने त्याला थोडक्यात सांगितलं. तो पाव घेऊन आमच्याबरोबर फ्रीजशेजारी उभा राहिला.

रोल पतंगांच्या खोक्यामागे सापडला. चार एक्कावन्नला पत्र पूर्ण आलं. चार त्रेपन्नला कांतीभाईंनी ते ट्रिशच्या नंबरावर पाठवलं. चार छप्पन्नला डेअरीचा फोन वाजला.

"आलंय," ट्रिश म्हणाल्या. "खाली सहीच्या बाजूला हाताने काहीतरी लिहिलंय, ते काय?"

रेत्नोने कागद पाहिला आणि वाचला. "लिहिलंय, बचावपटू चांगला आहे. तोंड सांभाळा."

"स्वीट ॲज," ट्रिश म्हणाल्या. याचा अर्थ ठीक आहे, झालं, असा. चार अठ्ठावन्न झाले होते. पाववाल्या माणसाने सगळ्यांशी हात मिळवले आणि पैसे द्यायला तो पुन्हा रांगेत गेला, जरी रांग नव्हती.

शनिवार, मनुरेवा

मनुरेवा ऑकलंडच्या दक्षिणेला आहे. मैदानाभोवती लाकडी बाकं, एका टोकाला क्लबचं बैठं घर, आणि त्याच्यासमोर शेगडीवर सॉसेज भाजणारे दोघं. पावाच्या कापावर सॉसेज, त्यावर परतलेला कांदा, असं इथलं मैदानावरचं खाणं. मी शाकाहारी, पोनिदी आणि रेत्नो हलाल खाणारे. आम्ही तिघांनी पावात नुसता कांदा मागितला. शेगडीवाल्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि कांदा दुप्पट घातला. फार चांगला लागतो.

वारा जोरात होता. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ध्वनिवर्धकावरून संघ जाहीर झाले. निवेदक इतर नावं भराभर वाचत आला, पाचव्या क्रमांकाशी थांबला, कागद जवळ धरला आणि म्हणाला, "ब्लिटारकर." उच्चार अचूक होता. मंदारने माझा दंड घट्ट धरला.

रेत्नो माझ्या शेजारी बसली होती. "तो कुठला?" तिने विचारलं. सगळे एकाच रंगाच्या शर्टात होते आणि नवऱ्याचा क्रमांक तिला ठाऊक नव्हता. मी दाखवला.

"चेंडू तिकडे आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मग तो इकडे का उभा?"

"चेंडू इकडे येऊ नये म्हणून."

"आणि नाही आला तर?"

"तर तो चांगला खेळला."

तिने यावर विचार केला. "सोळा वर्षं हेच?"

"बहुधा."

पहिल्या अर्ध्यात चेंडू तिकडे फारसा आला नाही. ग्रॅहम हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात हेन्डरसनने एक गोल केला. त्यानंतर मनुरेवाचा संघ पुढे सरकला आणि सामना पोनिदीच्या अंगणात आला. किरी, कानान, किरी. बाकांवरचे आमचे चार प्रेक्षकही आता डावी-उजवीकडे झुकत होते. सुजाता सगळ्यात जास्त.

शेवटची चार मिनिटं राहिली असताना मनुरेवाच्या उंच आघाडीवाल्याने आमच्या गोलरक्षकाला चकवलं आणि मोकळ्या जाळ्याकडे चेंडू मारला. पोनिदी रेषेवर होता. त्याने झेप घेऊन चेंडू डोक्याने परतवला आणि त्याच झेपेत स्वतः जाळ्यात गेला. त्याचा बूट जाळीत अडकला. मग हात अडकला. चेंडू अजून समोरच होता, मनुरेवाचे तिघं त्याच्याभोवती. पोनिदी कोळ्याच्या जाळ्यातल्या माशीसारखा लोंबकळत, जाळीच्या आतून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "किरी! किरी!" बचावफळी डावीकडे सरकली. चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून मैदानाबाहेर, सॉसेजच्या शेगडीपर्यंत गेला.

रेत्नो बाकावर उभी होती. ती उभी केव्हा राहिली ते मी पाहिलं नाही. "हा माझा नवरा," ती पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईंना सांगत होती. "तो, जाळीत. तो माझा."

पंचाने खेळ थांबवला. जाळी सोडवायला दोन्ही संघांचे मिळून पाच जण लागले.

सामना एक शून्य असा संपला. पोनिदी लंगडत नव्हता. तो मैदानाबाहेर आला, नेहमीप्रमाणे ग्रॅहमसमोर वाकला आणि हात पुढे केला. ग्रॅहमने त्याचा हात धरला, स्वतः खाली वाकला आणि तो आपल्या कपाळाला लावला. मग खिशातून पेन्सिल काढली आणि घडी घातलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

रेत्नोने उरलेला पेचेल वाटला. शेगडीवाले दोघंही खायला आले.

सोमवारी सकाळी साडेनऊला विभागीय कार्यालयाने हेन्डरसन क्लबची हंगामाची यादी स्वीकारली. पाचव्या ओळीत ब्लिटारकर हे नाव आहे. त्याच दुपारी कांतीभाईंच्या डेअरीत जकार्ताहून आणखी एक फॅक्स आला. त्यात सामन्याचा निकाल विचारला होता. खाली मादियुनकर अशी सही होती.